दुबळ्याने सोसावं, हा कुणाचा नियम?

मुलांना थोडं सोसू द्या, म्हणजे ती घट्ट होतील. पुस्तकांना बाजारात सोडा, ज्याच्यात दम असेल ते टिकेल. ही दोन मतं आपल्याकडे इतकी रुळली आहेत की त्यांना कुणी पुरावा मागत नाही. पहिलं पालकसभेत ऐकू येतं, दुसरं ग्रंथप्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात. मी मुलांची पुस्तकं काढणारा छोटा प्रकाशक आहे, त्यामुळे दोन्ही माझ्या वाट्याला येतात, आणि पुष्कळदा एकाच संभाषणात. वर्गात छळ सोसणाऱ्या मुलाची गोष्ट घेऊन दुकानात गेलं की आधी ऐकावं लागतं, "असलं चालत नाही हो, काहीतरी मजेशीर आणा." मग पानं चाळता चाळता पुढचं वाक्य येतं, "आणि चिडवाचिडवी काय, चालायचीच. आम्ही काय कमी सोसलं?" पहिल्या वाक्यात पुस्तकाचा निकाल लागतो, दुसऱ्यात त्या पुस्तकातल्या मुलाचा.

हे दोन्ही निकाल मला मान्य नाहीत. त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. बलवानाने दुबळ्याला ढकललं तर तो निसर्गाचा नियम, आणि कुणी मध्ये पडून ते थांबवलं तर ती ढवळाढवळ. ही समजूत खोटी आहे. मधल्या सुट्टीत कुणाचा डबा फेकला जाईल हे निसर्ग ठरवत नाही. ते थांबवण्याचा अधिकार असलेली माणसं त्या वेळी कुठे आहेत आणि काय करत आहेत, यावरून ते ठरतं. दुकानाच्या फळीवर कुठलं पुस्तक उभं राहील हेसुद्धा माणसांनीच केलेल्या, किंवा करायचे टाळलेल्या, नियमांवरून ठरतं.

सुरुवात मुलांपासून करतो, कारण तिथलं नुकसान भरून येत नाही.

"आम्हालाही चिडवलं, आम्ही काय मेलो?" हा सगळ्यात आवडता युक्तिवाद. तो करणारा माणूस बहुधा पन्नाशीचा असतो, नोकरी किंवा धंदा व्यवस्थित असतो, आणि सभेत माइक हातात घेऊन बोलण्याइतका आत्मविश्वास त्याच्यापाशी असतो. पण त्याच्याच वर्गातली जी मुलगी सातवीनंतर शाळेत आलीच नाही, ती या सभेला आहे का? ज्या मुलाच्या तोतरेपणाची रोज नक्कल व्हायची आणि ज्याने पुढे आयुष्यभर चारचौघांत तोंड उघडायचं टाळलं, त्याला कुणी माइक दिला का? जे तरले त्यांनाच विचारायचं, आणि त्यांच्या उत्तरावरून पाणी खोल नव्हतं असं ठरवायचं, हा कुठला न्याय? आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. "आम्हालाही चिडवलं" म्हणणाऱ्यांतले बरेच जण त्या वर्गात चिडवणाऱ्यांच्या बाकावर होते, नाहीतर बघ्यांच्या. त्यांच्या आठवणीत ती गंमत होती, कारण त्यांच्यासाठी ती गंमतच होती.

घट्ट होण्याबद्दल बोलायचं तर हा प्रश्न मतांवर सोडायची गरज उरलेली नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आजतागायत पाठपुरावा चालू आहे. त्यांतल्या ७,७७१ मुलांच्या पालकांना, मूल सात वर्षांचं असताना आणि पुन्हा अकरा वर्षांचं असताना, इतर मुलं त्याला त्रास देतात का, असं विचारलं होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ती माहिती त्याच माणसांच्या पन्नाशीशी ताडून पाहिली. ज्यांना लहानपणी वारंवार छळ सोसावा लागला होता, त्यांच्यात चाळीस वर्षांनंतरही नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार जास्त होते. त्यांचं शिक्षण कमी झालं होतं, त्यांतले पुरुष बेकार असण्याची शक्यता अधिक होती, जोडीदार असण्याची शक्यता कमी होती. घरची गरिबी आणि लहानपणची बुद्धिमत्ता हिशेबात धरूनही हा फरक उरला. सात वर्षांच्या वयात मिळालेला 'धडा' पन्नासाव्या वर्षी हा असा दिसतो. याला घट्ट होणं म्हणायचं असेल तर मोडणं कशाला म्हणायचं?

दुसरा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो. मुलं भांडतात आणि तासाभरात एकत्र खेळतात, मोठ्यांनी कशाला मध्ये पडायचं? भांडणाबद्दल हे खरं आहे. बरोबरीची दोन पोरं गोट्यांवरून गुद्दागुद्दी करतात तेव्हा त्यांना सोडून द्यावं, मीही सोडून देईन. पण छळ म्हणजे भांडण नव्हे. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात सुरू करणारे डॅन ओल्वेयस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंची ताकद बरोबरीची नसते. या तिसऱ्या खुणेतच सगळं आलं. जिथे एका बाजूला पाच जण आहेत आणि दुसऱ्या बाजूला एक, तिथे 'आपसात मिटवा' असं सांगणं म्हणजे पाच जणांना मोकळीक देणं आहे. वर्गाबाहेर पडताना शिक्षक हे वाक्य बोलतात तेव्हा ते तटस्थ राहिलेले नसतात, त्यांनी बाजू घेतलेली असते.

नॉर्वेमध्ये १९८२च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं. त्या देशाने 'मुलं आहेत, चालायचंच' म्हटलं नाही. १९८३ मध्ये सगळ्या देशात मोहीम उघडली. बर्गेन शहरातल्या ४२ शाळांमध्ये ओल्वेयस यांनी वर्गाचे नियम, सुट्टीतली देखरेख, पालकांशी बोलणं आणि छळणाऱ्या मुलाशी थेट, गंभीर बोलणं असा कार्यक्रम राबवला. दोन वर्षांत छळाच्या तक्रारी सुमारे निम्म्याने कमी झाल्या. जी गोष्ट मोठी माणसं लक्ष घालताच निम्म्याने कमी होते, तिला निसर्ग कसं म्हणता येईल?

आपल्याकडेही तत्त्व मान्य झालेलं आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. वसतिगृहातला ज्युनिअर यातून घट्ट होतो ही सबब कायद्याने ऐकली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली. मग अठरा वर्षांच्या मुलाला जे सोसायला लावणं गुन्हा आहे, ते आठ वर्षांच्या मुलाने सोसणं हे संस्कार कसे झाले?

यावर एक शेवटचा बाण काढला जातो, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. "थोरामोठ्यांनी काय कमी अपमान सोसले? त्यातूनच ते घडले." आणि उदाहरण दिलं जातं बाबासाहेबांचं. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. शाळेतल्या नळाला त्याने हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहानेलं राहायचं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्या लिखाणात त्या तहानेबद्दल कृतज्ञतेचा एक शब्द नाही. मोठेपणी त्यांनी काय केलं? पुढच्या मुलांनाही असंच तहानलेलं ठेवा, म्हणजे त्यांतून बॅरिस्टर निघतील, असं म्हटलं का? २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि हजारो माणसांसह पाणी प्यायले. ज्यांना ही माहिती आहे त्यांनी त्यांचं नाव घेऊन लहान मुलांच्या अपमानाचं समर्थन करू नये. ते घडले ते अपमान होऊनही. अपमानामुळे घडले म्हणणं म्हणजे अपमान करणाऱ्यांच्या पदरात त्यांच्या कर्तृत्वाचा वाटा टाकणं आहे.

जातीचा विषय इथे ओढून आणला असं कुणाला वाटेल. मी तो आणलेला नाही, तो आपल्या वर्गांत आधीपासूनच बसलेला आहे. आपल्याकडे मूल कशावरून चिडवलं जातं याची यादी करून पाहा. रंग, जाडेपणा, चष्मा, तोतरेपणा ही जगभरची कारणं आहेतच. त्यांच्या जोडीला आडनाव आहे, आईचं काम आहे, डब्यातलं सुकट आहे, वस्तीचं नाव आहे. आणि भाषा आहे. खेड्यातून तालुक्याच्या किंवा पुण्याच्या शाळेत आलेलं मूल 'पानी' म्हणतं आणि वर्ग हसतो. 'लई' म्हणतं, वर्ग हसतो. 'नव्हं' म्हटलं की मागच्या बाकावरून आठवडाभर 'नव्हं, नव्हं' असा गजर चालतो. आणि हे हसणं थांबवायचं सोडून अनेकदा बाईच उच्चार सुधारून घेतात, सगळ्यांसमोर, चार वेळा. ते मूल पुढे काय शिकतं? ण म्हणायला शिकतं की नाही देव जाणे, हात वर न करायला मात्र नक्की शिकतं.

इथे माझा धंदा आणि हा वर्ग एकमेकांना येऊन भिडतात. त्याच मुलाच्या बोलीत, त्याच्याच गावच्या गोष्टीचं पुस्तक काढलं की विक्रेता पहिल्या पानावरच थांबतो. "भाषा शुद्ध करून आणा, पालक घेत नाहीत." शाळांची खरेदी करणारे म्हणतात, मुलांच्या भाषेवर वाईट परिणाम होईल. म्हणजे ज्या भाषेसाठी ते मूल वर्गात हसं झालं, त्या भाषेला पुस्तकाच्या फळीवरही जागा नाही. वर्गातली पोरं निदान लहान तरी आहेत. हे निर्णय घेणारी माणसं जाणती आहेत, सुशिक्षित आहेत, आणि यालाच ती बाजाराची मागणी म्हणतात. त्या मुलाने छापील पानावर स्वतःची भाषा एकदा तरी पाहावी, तीही हसू उडवण्यासाठी घातलेल्या गड्याच्या तोंडी नव्हे, गोष्टीच्या नायकाच्या तोंडी, ही मागणी बाजारात नोंदवायची कुणी? त्या मुलाच्या खिशात पैसे नाहीत आणि त्याच्या बापाला पुस्तकाचं दुकान कुठे आहे हे माहीत नाही. म्हणून ती मागणीच नाही असं म्हणायचं का?

"असलं खपत नाही" हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रकाशनाच्या इतिहासाने कधीच खोटं ठरवलेलं आहे. ग्रंथाली ही वाचकांची चळवळ म्हणून सत्तरच्या दशकात उभी राहिली. तिच्यामागे ना मोठं भांडवल होतं, ना दुकानांची साखळी. वाचकांना सभासद करून घ्यायचं, गावोगाव ग्रंथयात्रा न्यायच्या, पुस्तक वाचकाच्या दारात नेऊन विकायचं, ही तिची रीत. तिने १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' काढलं, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा', १९९४ मध्ये किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर'. तिन्हींमध्ये अपमान सोसत शिकणारं लहान मूल आहे. शहाण्या बाजाराला विचारून चाललं असतं तर यांतलं एकही पुस्तक निघालं नसतं. ती निघाली, महाराष्ट्राने ती वाचली, त्यांवर भांडणं केली, पुन्हा पुन्हा छापायला लावली. त्याआधी तो वाचक नव्हता असं नाही. त्याच्यापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

आता किमतीचा विषय. त्यावर जास्त बोलायला हवं, कारण तिथला गैरसमज सगळ्यात खोल आहे आणि चांगली माणसंही त्याला बळी पडतात. "सवलतीमुळे वाचकाचा फायदा होतो, छोट्या दुकानांना आणि छोट्या प्रकाशकांना परवडत नसेल तर तो त्यांचा प्रश्न." ऑनलाइन वीस टक्के कमी मिळतं, मग दुकानात जाऊन पूर्ण पैसे का मोजायचे? साधा हिशेब मांडतो. मुलांचं एक रंगीत पुस्तक धरा, आवृत्ती पाचशे प्रतींची. एका प्रतीचा कागद, छपाई, बांधणी मिळून खर्च सत्तर रुपये. वितरक आणि विक्रेते मिळून ४५ टक्के मागतात, कारण त्यांतलेच वीस टक्के त्यांना गिऱ्हाइकाला सोडायचे असतात. म्हणून प्रकाशक छापील किंमत दोनशे ठेवतो. नव्वद गेले. लेखकाचे दहा टक्के, म्हणजे वीस, गेले. छपाईचे सत्तर गेले. वीस रुपये उरले. त्यातून चित्रकाराचं मानधन, टपाल, गोदाम, न खपता परत आलेल्या डागाळलेल्या प्रती, आणि सहा-आठ महिने अडकलेल्या उधारीचं व्याज भागवायचं. वाचकाने वीस टक्के सवलतीत ते पुस्तक १६० रुपयांना घेतलं आणि चाळीस रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी गेला.

हेच पुस्तक सवलतीची शर्यत नसती तर? छापील किंमत दीडशे ठेवा. विक्रीसाठी तीस टक्के द्या, पंचेचाळीस गेले. लेखकाचे पंधरा, छपाईचे सत्तर. प्रकाशकाकडे तेवढेच वीस उरले. विक्रेत्यांच्या साखळीला आधी सवलत सोडून पन्नास मिळत होते, आता पंचेचाळीस मिळतात, पण पलीकडच्या ऑनलाइन दुकानाने आणखी दहा टक्के कमी केले म्हणून गिऱ्हाईक निघून जाण्याची भीती उरत नाही. आणि वाचकाला पुस्तक दीडशेला मिळालं. सवलतीत १६०, सवलतीविना १५०. मग सवलत कुणाच्या खिशातून आली? वाचकाच्याच. ती त्याला देण्यासाठी आधी त्याच्याकडूनच काढून घेतलेली असते.

ही फक्त कागदावरची गणितं नाहीत. फ्रान्सने १० ऑगस्ट १९८१ रोजी कायदा केला. प्रकाशक किंमत ठरवेल आणि ती पुस्तकावर छापेल, कुठल्याही विक्रेत्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त सवलत देता येणार नाही. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जॅक लाँग यांच्या नावाने तो ओळखला जातो. पुढे ऑनलाइन विक्रेत्यांनी फुकट घरपोच देऊन तोच कायदा बगलेतून ओलांडायला सुरुवात केली, तेव्हा २०२१ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि २०२३ पासून ३५ युरोंपेक्षा कमी खरेदीवर किमान तीन युरो वाहतूक आकारणं बंधनकारक झालं. जर्मनीत ठरलेल्या किमतीची परंपरा १८८८पासूनची आणि २००२ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचं रूप मिळालं. उलट दिशेला ब्रिटन गेलं. तिथे १९०० सालापासून चालत आलेला ठरल्या किमतीचा करार १९९५ मध्ये कोसळला. आता वाचक राजा होणार, अशा घोषणा झाल्या. सुपरमार्केटांनी चार-दोन खपाऊ पुस्तकं मातीमोल किमतीला विकली आणि १९९५ मध्ये अठराशेवर असलेली स्वतंत्र पुस्तकांची दुकानं २०१६ पर्यंत नऊशेच्या खाली आली. भाडी वाढली, इंटरनेट आलं, हे त्यामागे होतंच. पण इंटरनेट फ्रान्समध्येही आलं होतं, आणि तिथे अशी तीन हजारांवर दुकानं आजही उभी आहेत. एकाच खंडात, शेजारच्या दोन देशांत, एकाच काळात बाजाराने दोन वेगळे निकाल दिले. फरक बाजारात नव्हता, नियमांत होता.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पुस्तकाच्या किमतीचा कायदा नाही म्हणून इथे मुक्त स्पर्धा आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा छोट्या प्रकाशकाच्या जागी उभं राहून पाहावं. पुस्तकावर जीएसटी नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कागदावर आणि छपाईच्या कामावर तो आहे, आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे तो भरलेला कर वळता करून घेता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केलं. खेड्यातल्या एका वाचकाला एक पुस्तक पाठवण्याचा जो परवडणारा रस्ता होता, तो एका निर्णयाने नाहीसा झाला. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' आलं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. मधल्या महिन्यांत ज्या वाचकांनी टपालखर्च ऐकून फोन ठेवला, त्यांच्या बाबतीत कुठला नैसर्गिक नियम लागू झाला होता? अनेक ग्रंथालयांत मार्चअखेरीला कोटेशनं मागवली जातात आणि ज्याची सूट सगळ्यात जास्त त्याची यादी मंजूर होते. ४५ टक्क्यांहून अधिक सूट देऊ शकणारं पुस्तक कसं असतं? जुनं, हक्क संपलेलं, हलक्या कागदावर छापलेलं, किंवा किंमत मुळातच फुगवलेलं. अनुदान सरकारचं, म्हणजे तुमचं आमचं, आणि गावातल्या मुलाच्या हातात येतं ते हे.

त्यानंतर म्हणायचं, मराठी माणूस वाचत नाही. ज्याला पुस्तक दिसलंच नाही त्याने ते नाकारलं असं कसं म्हणता? डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा आईबाप पोरांना खांद्यावर घेऊन रांगेत उभे असतात. साहित्य संमेलनात मंडपातल्या परिसंवादांपेक्षा पुस्तकांच्या गाळ्यांत गर्दी जास्त असते. त्यांतली कितीतरी माणसं अशा जिल्ह्यांतून येतात जिथे पाठ्यपुस्तकं आणि गाइडं सोडून दुसरं काही विकणारं एक दुकान नाही. ही माणसं वर्षातून एकदा पिशवी भरून पुस्तकं नेतात, कारण उरलेलं वर्ष त्यांना पुस्तक दिसणार नसतं. वाचक नालायक आहे हा निष्कर्ष यातून निघत नाही. विक्रीची व्यवस्था त्याच्यापर्यंत पोचत नाही, हा निघतो.

आता राहिला तो आक्षेप, जो भल्या हेतूने घेतला जातो. मुलांना आनंदी गोष्टी द्या, छळाबिळाचं वाचून त्यांच्या मनावर परिणाम होईल. ज्या मुलाच्या दप्तरात रोज कुणीतरी पाणी ओततं, त्याला छळ असतो हे पुस्तकातून कळणार आहे का? त्याला ते माहीत आहे. त्याला जे माहीत नाही ते वेगळंच आहे. हे फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही, यात आपला दोष नाही, आणि हे मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्याइतकंच ते पुस्तक त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलासाठी असतं. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी दाखवून दिलं की छळ हा दोघांमधला मामला नसतो. कुणी हसून साथ देतं, कुणी बघत उभं राहतं, कुणी मान खाली घालून निघून जातं, आणि छळणाऱ्याला बळ मिळतं ते या सगळ्यांकडून. त्यावर बेतलेला 'किवा' हा कार्यक्रम २००९ पासून त्या देशातल्या शाळांमध्ये पसरला. त्याचा भर बघ्या मुलांवर आहे. ती उठून छळल्या जाणाऱ्या मुलाच्या बाजूला गेली की छळणाऱ्याचा प्रेक्षकच उरत नाही. बघ्या मुलाला दुसऱ्याच्या आत जाऊन ते दुःख अनुभवायला लावणारं गोष्टीइतकं चांगलं साधन दुसरं कुठलं आहे? आणि नेमकी तीच गोष्ट फळीवरून बाजूला ठेवायची, कारण ती मजेशीर नाही?

अशा गोष्टींचा शेवट कसा असावा, याबद्दलही मला सल्ले मिळतात. तो मुलगा शेवटी धावण्याच्या शर्यतीत पहिला यावा, किंवा विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवावं, म्हणजे सगळे त्याला मानू लागतील आणि पुस्तकही खपेल. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातला अर्थ भयंकर आहे. शर्यत जिंकली नाही तर त्याला छळणं रास्त आहे का? ज्याला धावता येत नाही, गणित येत नाही, गाता येत नाही, त्या मुलाला शाळेत निर्धास्त बसण्याचा हक्क नाही का? मुलाने आधी स्वतःला सिद्ध करावं, मग आम्ही त्याला त्रास देणं थांबवू. पुस्तकाने आधी खपून दाखवावं, मग आम्ही त्याला फळीवर जागा देऊ. या दोन अटींमध्ये मला काडीचा फरक दिसत नाही.

म्हणून माझ्या यादीतल्या त्या पुस्तकातला मुलगा कुठलीही शर्यत जिंकणार नाही. तो शेवटच्या पानावरही 'पानी'च म्हणेल. वर्गातल्या दोन मुली त्याच्या बाकावर येऊन बसतात, बाई हजेरीपट बाजूला ठेवून त्याला छळणाऱ्या पाच जणांशी बोलतात, मुख्याध्यापक त्यांच्या घरी निरोप धाडतात, आणि हे एका दिवसात संपत नाही, पूर्ण सहामाही चालतं. लेखिकेने ते तसंच लिहिलं आहे आणि मी ते तसंच छापणार आहे. नवी आवृत्ती दीडशे रुपयांना मिळेल. तालुक्याच्या दुकानदारालाही त्याच दराने, शाळेलाही त्याच, ऑनलाइनही त्याच. दोनशे छापून पन्नास सोडा, असं ज्यांना हवं आहे, त्यांना मी हे पुस्तक देणार नाही.